चौदाव्या मजल्यावरचा डेमो

गेल्या रविवारच्या भागाचं हे लेखी रूप. पारसिकच्या बोगद्यात आवाज तुटतो, वाचायला द्या, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत, दोन-चार वाक्यं सरळ केलीत. बाकी आहे तसं.

विषय असा: घरचं कुणीतरी आपल्याकडे राहायला येणार असतं आणि आपण त्याच्यासमोर आहोत त्याहून यशस्वी असल्याचं सोंग आणतो. का आणतो, ते चालतं कसं, आणि त्याचं बिल शेवटी कोण भरतं? हे सोंग मी गेल्या पावसाळ्यात चार दिवस आणलं, त्यामुळे यावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं धरा.

मी राहतो वर्तकनगरला. म्हाडाची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिघांत मिळून वन बीएचके. गेल्या मे महिन्यात माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, 'तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही' हे वाक्य दोनदा, आणि दुपारपर्यंत लॉगिन बंद. कंपनीचा लॅपटॉप कुरिअरवाला येऊन घेऊन गेला. घरी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत दुसरी मिळेल, मग दोन्ही बातम्या एकदम देऊ, असा हिशेब होता. पंधरा दिवसांचे सहा आठवडे झाले आणि आप्पांचा फोन आला.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. गाव पाटण तालुक्यात. "डोळ्याचं दाखवायचंय ठाण्याला. तुझ्याकडंच उतरतो, चार दिस." एवढंच बोलले. आता आप्पा कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या बीटेकच्या तिसऱ्या वर्षाची फी त्यांनी पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढून भरली होती. ते कर्ज त्यांनीच फेडलं. मला त्याबद्दल आजवर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं.

माझा एक मित्र तेव्हा ऑनसाइट जर्मनीला होता. पोखरण रोडवरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. त्याला विचारलं, तो म्हणाला, घेऊन जा, फक्त मिक्सर वापरू नको, ठिणग्या येतात.

झालं. भिंतीवरचा त्याच्या आईवडिलांचा फोटो काढून कपाटात ठेवला. दारावरची पाटी स्क्रू काढून उतरवली. माझे चार शर्ट त्याच्या कपाटात टांगले. आणि सकाळी खोपटच्या एसटी स्टँडवरून आप्पांना रिक्षाने थेट तिथे नेलं. गेटवर पहिलाच घोळ झाला. सोसायटीचं ॲप पाहुणा आला की घरमालकाच्या मोबाइलवर परवानगी मागतं. इथे सकाळचे साडेसहा, तिकडे पहाटेचे तीन. वॉचमन म्हणतोय, "साहेब उचलत नाहीत." मी म्हणतोय, "मीच साहेब." आप्पा पिशवी धरून उभे, वर बघतायत, मजले मोजतायत.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण आपण क्लायंटला डेमो देतो तो असाच. डेमो खोटा नसतो, पण त्यात एकच रस्ता चालू असतो. ठरलेलं बटण दाबा, ठरलेली स्क्रीन येते. त्या रस्त्याला आमच्यात 'हॅपी पाथ' म्हणतात. क्लायंटने सहज दुसरं काही दाबलं की मागे नुसत्या रिकाम्या खोल्या. माझ्या चौदाव्या मजल्यावरही तेच. आप्पांनी गरम पाणी मागितलं आणि गिझरचं बटण कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. स्वतःच्या घरात मी पाच मिनिटं बटण शोधत होतो.

या प्रकाराचा नीट अभ्यास केलेला माणूस म्हणजे अर्व्हिंग गॉफमन. मूळचा कॅनडाचा समाजशास्त्रज्ञ. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत, तिथे तो १९४९ ते १९५१ या काळात राहिला. तिथल्या हॉटेलात त्याने पाहिलं की स्वयंपाकघरात लोक एका तऱ्हेने वागतात आणि मधलं दार ओलांडून जेवणघरात आले की दुसऱ्या तऱ्हेने. त्यावरून त्याचं पुस्तक आलं, १९५६ मध्ये, आणि ते गाजलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की रोजच्या जगण्यात आपल्या प्रत्येकाचा एक रंगमंच असतो आणि एक पडद्यामागचा भाग. नाटक करणं ही लबाड माणसांची खास गोष्ट नाही, सगळेच करतात.

पण मला त्याच्या दोन गोष्टी जास्त आवडल्या. एक: तो सांगतो की शेटलंडचे शेतकरी घराची बाहेरची बाजू मुद्दाम पडकी ठेवायचे, कारण घर नीटनेटकं दिसलं तर जमीनदार खंड वाढवेल ही भीती. म्हणजे सोंग दोन्ही दिशांनी चालतं. आपल्याकडेही बघा. पाहुणे येणार असले की शेजारून कपबशा आणायच्या, आणि पतसंस्थेचा वसुलीवाला येणार असला की टीव्हीवर चादर टाकायची. घर तेच, टीव्हीही तोच.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती मला फार उशिरा कळली. गॉफमन म्हणतो, प्रेक्षक निव्वळ फसत नसतो. बऱ्याचदा त्याला पडद्यामागचं दिसलेलं असतं, तरी तो नजर वळवतो, खोकतो, विषय बदलतो आणि प्रयोग पडू देत नाही. सोंग उभं राहतं ते दोघांच्या मेहनतीवर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या विषयावरचा सगळ्यात सरळ सिनेमा १९३३ चा आहे, फ्रँक कॅप्राचा 'लेडी फॉर अ डे'. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सफरचंदं विकणारी एक म्हातारी. मुलगी लहानपणापासून स्पेनमध्ये. आई तिला एका मोठ्या हॉटेलच्या कागदावर पत्रं लिहिते, जणू ती तिथेच राहते. मग मुलगी लग्न ठरवून, होणाऱ्या नवऱ्याला आणि सासऱ्याला घेऊन भेटायला निघते. म्हातारीचं सोंग उभं करायला शहरातले गुंड धावतात. सिनेमात सगळं गोड होतं. कॅप्राने १९६१ मध्ये स्वतःच त्याचा रिमेक केला, म्हणजे तीस वर्षांनीही लोकांना ही गोष्ट हवी होती.

आता माझ्या गोष्टीतला 'ऑफिस' हा भाग. रोज सकाळी साडेआठला मी पाठीवर बॅग टाकून निघायचो. बॅगेत छत्री, डबा आणि चार्जर. लॅपटॉप नाही, नुसता चार्जर, बॅग फुगीर दिसावी म्हणून. पहिला दिवस उपवन तलावाच्या कट्ट्यावर काढला. दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपायला लागला म्हणून कोरम मॉलच्या फूड कोर्टात. एका चहावर चार तास. शेजारच्या टेबलावर फॉर्मल कपड्यातला एक माणूस होता, तोही चार तास तिथेच. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. बुधवारी आप्पांची डोळ्यांची तपासणी होती, तेव्हा मी नसलेल्या नोकरीवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. तपासण्यांचे चार हजार दोनशे रुपये क्रेडिट कार्डावर टाकले. आप्पा पैसे काढत होते, मी म्हटलं, राहू द्या हो.

हा माझा एकट्याचा वेडेपणा नाही. २०२५ मध्ये चीनमधल्या काही शहरांतून बातम्या आल्या की बेकार तरुण दिवसाला ३० ते ५० युआन भाडं भरून ऑफिससारख्या जागेत जाऊन बसतात. टेबल, वायफाय, जेवण. काहीजण तिथून नोकरी शोधतात, काहीजण तिथला फोटो घरी पाठवतात. आणि अगदी टोकाचं उदाहरण फ्रान्सचं. झाँ-क्लोद रोमां नावाच्या माणसाने अठरा वर्षं घरच्यांना खोटं सांगितलं, आधी डॉक्टर झाल्याचं आणि मग जीनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत काम करत असल्याचं. घरातून निघून तो हायवेवरच्या थांब्यांवर गाडीत बसून राहायचा. उघडं पडायची वेळ आली तेव्हा, जानेवारी १९९३ मध्ये, त्याने बायको, दोन मुलं आणि आईवडील यांना मारून टाकलं. हे ऐकायला नको वाटतं, पण सांगायचं कारण आहे. पाहुण्यासमोरच्या सोंगाला परतीच्या गाडीची वेळ असते. गुरुवारी रात्री एसटी सुटली की पडदा पडणार, हे मला माहीत होतं. ज्याच्या सोंगाला अशी वेळच नाही, त्याचं काय होत असेल?

आता आपल्या मातीतलं. मुंबईत गेलेला माणूस आणि गावाकडचं घर यांच्यात हे सोंग शंभर-सव्वाशे वर्षं चाललंय. गिरणगावात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेली माणसं एका खोलीत वीस-वीस जण राहायची. गावकीचा गाळा. प्रत्येकाची एक ट्रंक, झोपायच्या पाळ्या, जेवण खानावळीत. पण गणपतीला, जत्रेला गावी निघताना इस्त्रीचा शर्ट, पेढे, आईला लुगडं. गावात तो 'मुंबईवाला'.

याचा पुरावा काय? मनीऑर्डर. ही सेवा १८८० मध्ये सुरू झाली, आणि तिच्यातली एक गोष्ट आपण विसरलोय. मनीऑर्डर चारचौघांत यायची. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजायचा, अंगठा घ्यायचा, फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेला दोन ओळींचा निरोप वाचूनही दाखवायचा. कुणाच्या पोराने किती पाठवले हे आळीला कळायचं. अर्थशास्त्रात याला सिग्नल म्हणतात. मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये यावर पेपर लिहिला, २००१ मध्ये त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. त्याचं उदाहरण नोकरी आणि डिग्रीचं होतं, पण मुद्दा इथेही लागू: खूण विश्वासाची कधी, तर जेव्हा ती द्यायला खर्च येतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला तो खर्च झेपत नाही. दर महिन्याची मनीऑर्डर म्हणून भारी. नुसत्या थापांनी ती पाठवता येत नाही.

फक्त एक पळवाट आहे, कर्ज. गिरणगावात पठाण सावकार व्याजाने पैसे द्यायचे. आज क्रेडिट कार्ड आहे. माझे चार हजार दोनशे त्याच जातीचे.

बुधवारी रात्री पाऊस थांबला आणि आम्ही बाल्कनीत बसलो. आप्पांनी अंधारात हात केला. "हितं रेमंड हुती न्हवं?" म्हटलं, होती, २००९ ला बंद झाली. ठाण्याची ही लोकरीची गिरणी १९२५ सालची. आता त्या जमिनीवर टॉवर. आप्पा बराच वेळ तिकडे बघत होते. मोतीबिंदू असलेल्या माणसाला एवढ्या रात्री काय दिसत असेल, असं माझ्या मनात आलं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. हे मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं होतं, सलग कधी नाही. विसाव्या वर्षी ते लोअर परळला एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमवाला कुणी आला नाही तर काम, नाहीतर परत खोलीवर. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. "तवा गणपतीला गावाला आलो. सात महिनं पगार न्हाई. गाळ्यातल्या एकाचं घड्याळ मागून घेतलं, हाताला बांधलं. आईनं इचारलं, संपाचं काय? म्हटलं, आमच्या गिरणीत न्हाई तसलं काय. भरपगारी रजा हाय."

मी विचारलं, मग कळलं कसं?

"कळणारच की. दिवाळीपतूर आळीतली निम्मी पोरं परत आली. कुणाकुणाचं झाकणार?"

यावर मी नंतर खूप विचार केला. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या एकेक करून संपल्या. माणसं पार मोडली. पण एक होतं, नोकरी सगळ्यांची एकदम गेली आणि सगळ्यांना माहीत असताना गेली. घरोघरी एक परत आलेला. त्यात लाज उरत नाही, किंवा वाटली जाते म्हणा. आमच्या क्षेत्रात त्या मे महिन्यात किती जणांना तो पंधरा मिनिटांचा कॉल आला असेल, मला कधी कळणार नाही. प्रत्येकाला वेगळा कॉल, वेगळी लिंक. फूड कोर्टातल्या त्या माणसाला मी विचारूही शकलो नाही. एकट्याची गेली की झाकता येते. तीच तर पंचाईत आहे.

त्या रात्री सांगून टाकायला हवं होतं. आप्पांनी दार अर्धं उघडून दिलं होतं, हे आता कळतं. मी काय केलं? म्हटलं, "आप्पा, उद्या सकाळी मीटिंग आहे, झोपू या."

गुरुवारी आप्पा गेले. मी फोटो परत टांगला, पाटी लावली, तिसऱ्या मजल्यावर आलो. सुटलो.

आठ दिवसांनी धाकट्या काकांच्या मुलाचा फोन. त्याची बारावी झालेली, सीईटी दिलेली, मार्क बेताचे. आनंदात होता. "दादा, फायनल झालं. पुण्याला कॉम्प्युटर. मॅनेजमेंट कोट्यातनं. आप्पांनी सगळ्यांना सांगितलं तुझं. बाबा आधी नको म्हणत होते, आता म्हणतात, खालचं रान गहाण टाकू, तीन वर्षांत पोरगं फेडंल." वर्षाची फी साडेतीन लाख. शनिवारी पैसे भरायचे होते. फोन मंगळवारी आला.

इथे मला माझ्याच सिग्नलचं गणित उलटं बसलं. मी समजत होतो की सोंगाचा खर्च माझा आहे: कार्डाचं व्याज, चार रात्रींची झोप, दारावरच्या पाटीचे स्क्रू. पण खूण फक्त बघायला नसते. लोक तिच्यावरून निर्णय घेतात. गावाकडच्या घरात आयटीबद्दल माहितीचा स्रोत एकच, तो म्हणजे मी. आणि त्या स्रोतातून चौदावा मजला बाहेर पडला होता. चुकीचा डेटा आत गेला की गणित कितीही बरोबर करा, उत्तर चुकणारच. काकांचं गणित बरोबर होतं.

बुधवारचा दिवस मी काही केलं नाही. गुरुवारी संध्याकाळी आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं, मे महिन्यापासून. पलीकडे इतका वेळ शांतता की कॉल कट झाला असं वाटलं.

मग म्हणाले, "घर तुझं न्हाई, ते मला पयल्याच दिशी कळलं. भितीवर फोटूचा चौकोन हुता पांढरा. आन् तुला बटान गावंना." म्हटलं, मग बोलला का नाही? "म्हटलं, भाड्याची खोली दावायला लाजतंय पोरगं. लाजूंदे. पर नोकरी गेली आसंल असं न्हाई वाटलं रं मला."

म्हणजे छोटं खोटं त्यांनी पकडलं आणि प्रेमाने सोडून दिलं, आणि त्याच्या आडोशाला मोठं खोटं निभावलं. मी विचारलं, घर माझं नाही हे माहीत होतं तर गावात चौदाव्या मजल्याचं कशाला सांगितलं?

यावर आप्पा जरा हसले. "आता तिथवर जाऊन आलो, डोळ्यानं बगितलं, मग सांगू नको व्हय? फी म्या भरलीया."

गॉफमनचं जे लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हे. मला वाटत होतं की आप्पा परीक्षक म्हणून आलेत. ते तर भागीदार होते. त्यांनाही परत जाऊन कुणासमोर तरी उभं राहायचं होतं. पतसंस्थेच्या त्या कर्जाचं काय झालं, हे आळी त्यांना विचारत असणारच. मी जे दाखवलं ते त्यांनी थोडं पुसून, चकचकीत करून पुढे दाखवलं. प्रत्येक पायरीवर एकेक मजला चढतो.

शुक्रवारी आप्पांनी धाकट्या काकांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. रान गहाण पडलं नाही. धाकटा माझ्याशी दोन महिने बोलला नाही. नंतर कॅपच्या फेरीतून जवळच्या कॉलेजात त्याला सीट मिळाली. कॉम्प्युटरच घेतलं त्याने. मी काय सांगणार त्याला?

मला ऑक्टोबरमध्ये नोकरी लागली. वागळे इस्टेटमध्ये छोटी कंपनी, पगार आधीपेक्षा कमी. डिसेंबरमध्ये आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले आणि या वेळी वर्तकनगरच्या तिसऱ्या मजल्यावर राहिले. दोन्ही रूममेट हॉलमध्ये गादी टाकून झोपले. ऑपरेशननंतर जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून आप्पा म्हणाले, "त्या घराला लिफ्ट हुती." एवढंच.

परवा आईचा फोन होता. शेजारच्या काकूंनी तिला विचारलं म्हणे, चौदाव्या मजल्यावर पाण्याचं कसं, चढतं का नीट? मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? आई म्हणाली, "सांगितलं, चढतं म्हणून."